तुम्ही भजनाला जात नव्हता

आज शनिवार. तीन वाजून गेले आणि तुम्ही घरात नाही, यात नवीन काहीच नाही. अकरा वर्षं शनिवारी याच वेळेला तुम्ही जिना उतरत होता. फरक एवढाच की उद्या परत येणार नाही.

मी रडत बसले असेन असं समजू नका. तेरावा झाला, मुलगी सासरी गेली, पाहुण्यांच्या चादरी धुऊन वाळत घातल्या. आता हात मोकळे आहेत म्हणून लिहिते. परवा सोसायटीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. तिथे मी जे बोलले ते तुमच्या कानावर घालायचं आहे. पण दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्याला काही कळणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला पाठ आहे, तुम्ही मध्ये बोलू नका.

तुम्ही मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर मापाडी होता. मी मंडईत आलं-लसूण-मिरची घेऊन बसायचे. लग्न झालं तेव्हा तुम्ही संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचा. ती मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, की माणसाच्या गळ्यातून यावा तसा आवाज येतो. पुढे एकाच माणसाच्या कीबोर्डमधून सगळी वाद्यं वाजायला लागली, ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि गिटार पलंगाखाली गेली. वीस वर्षं तिथेच होती. तुम्ही तक्रार केली नाहीत आणि मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. नवरा संध्याकाळी घरी असतो, एवढंच मी पाहिलं.

गाळ्यावरचं काम सोडून आपण कर्वेनगरला राहायला आलो तेव्हा तुम्ही ती बाहेर काढलीत. नव्या तारा आणल्यात. महिनाभराने वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारा निखिल दारात उभा. कॉम्प्युटर कंपनीतला मुलगा, दाढी, अर्धी चड्डी. त्याने विचारलं, हे कोण वाजवतंय? तुम्हाला वाटलं तक्रार घेऊन आलाय. तुम्ही म्हणालात, आवाज होत असेल तर खिडकी लावतो. तो म्हणाला, काका, खिडकी कसली लावता, आम्ही दोन वर्षं हाच आवाज शोधतोय.

त्याचा बँड होता. कंट्री म्हणतात त्या प्रकारची गाणी करायचे, त्यांत अशी सरकती गिटार लागते. तुम्ही मला समजावून सांगितलंत की ही अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची गाणी. गुरं राखणारे, ट्रक चालवणारे, बायको सोडून गेलेली माणसं. मी म्हटलं, असंच गात बसत असतील, म्हणून गेली असेल.

तुम्ही निखिलला हो म्हणालात आणि मग विचारलंत की वाजवायचं कुठे. निखिल म्हणाला, शनिवार-रविवारी बाहेरगावी. लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वर. हॉटेलच्या बारमध्ये.

आपलं मोठं भांडण तेव्हा झालं. बासष्ट वर्षांचा माणूस, घरात कुणी थेंबाला शिवलेलं नाही, मुलीच्या सासरी माळकरी मंडळी, आणि तुम्ही बारमध्ये वाजवायला जाणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी प्यायला नाही चाललो. वाजवायला चाललोय. ते जिथे ऐकतात तिथे वाजवायचं."

पहिल्या शनिवारी तुम्ही गिटारची पेटी घेऊन जिना उतरत होता आणि समोरच्या पाटीलबाई दार उघडून म्हणाल्या, अण्णा, कुठे निघालात? तुम्ही तोंड उघडायच्या आधी मी आतून सांगितलं, भजनाला. वाईकडे एका देवळात कार्यक्रम असतो. पाटीलबाईंनी पेटीला हात जोडले.

रविवारी परत आल्यावर तुम्ही पहिलं विचारलंत, भजनाला गिटार कोण नेतं? मी म्हटलं, बंद पेटीत काय आहे ते कुणाला दिसतंय.

मला वाटलं होतं, एकदा सांगितलं की झालं. पण सोमवारी पाटीलबाई प्रसाद मागायला आल्या. आता आली का पंचाईत. मंडईतून आणलेले साखरफुटाणे डब्यात होते, ते मूठभर दिले. पुढच्या सोमवारी वरच्या मजल्यावरच्या दोघी आल्या. मग मी शुक्रवारीच साखरफुटाणे आणून ठेवायला लागले. तुम्ही बारमध्ये वाजवून यायचा आणि मी सोसायटीत प्रसाद वाटायचे. पाटीलबाई तो कपाळाला लावून खायच्या. त्यांच्या नातवाला नोकरी लागली तेव्हा म्हणाल्या, अण्णांच्या देवाचं करणं आहे. तुम्ही आत पेपर वाचत होता. तुमचा पेपर हलत होता. हसत होता की रागावला होता, ते मी विचारलं नाही.

एकदा मी तुमच्या हातावर चार फुटाणे ठेवले तर तुम्ही ते परत डब्यात टाकलेत. म्हणालात, "हा कुठल्या देवाचा?"

मी म्हटलं, लोणावळ्याच्या.

तुम्हाला ते लागायचं. मला कळत होतं. तुम्ही म्हणायचा, मी चोरी करत नाही, लपवायचं कशाला, वाजवतो म्हणून सांग. मी मुलीच्या सासरचं नाव पुढे करायचे. मुलगी म्हणाली, आई, त्यांना केव्हाच माहीत आहे, त्यांचं काही म्हणणं नाही. तरी मी खोटं सोडलं नाही. जिन्यात बायका मला आधी वाट द्यायला लागल्या होत्या. मंडईतल्या बाईला कर्वेनगरात कोण वाट देतं? तेवढ्यासाठी मी तुमच्या वाजवण्याला भजनाचं नाव दिलं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करते आहे. तुम्हाला ते आधीच कळलेलं असणार.

मग तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याला तीन वर्षं झाली. दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे, आणि तुम्हाला स्वतःच्या डोळ्यात थेंब घालता येईना. गालावर, मिशीवर, सगळीकडे जायचे, डोळा सोडून. दहाव्या दिवशी शनिवार आला. मी म्हटलं, या वेळी राहू दे. तुम्ही म्हणालात, श्वेताचं नवीन गाणं आहे, त्यात माझ्याशिवाय चालणार नाही. मी म्हटलं, मग थेंब कोण घालणार, बारवाला? शेवटी मीच निघाले. बारमध्ये जाणार म्हणून नऊवारी नेसावी की साधी, याचा विचार करत बसले आणि तुम्ही खालून हॉर्न वाजवायला लावलात.

निखिलची मोठी गाडी. मागे ढोल, पेट्या, वायरी. पुढच्या सीटवर तुम्ही, काळा चष्मा आणि त्यांनी दिलेली रुंद कडांची टोपी घालून. मी म्हटलं, वरातीच्या बँडमधून पळून आल्यासारखे दिसताय. ती पोरं हसली. तुम्ही म्हणालात, हिला गाडीत घेतल्याबद्दल मी सगळ्यांची माफी मागतो.

श्वेता त्यांची गाणारी, अमरावतीची. नोकरीला पुण्यात आलेली. धपाटे आणि दही मी सगळ्यांसाठी घेतलं होतं. ती म्हणाली, काकू, चटणी अजून तिखट पाहिजे होती. मला पोरगी आवडली. तिच्याशी तुम्ही वाईपर्यंत भांडत होता. ती म्हणत होती, शेवटची ओळ मी लवकर उचलते, तुम्ही मागून या. तुम्ही म्हणत होता, काटा थांबू दे. मला वाटलं तुम्हाला गाळ्याची आठवण झाली. निखिलने सांगितलं, अण्णा नेहमी असंच म्हणतात. पोतं काट्यावर टाकलं की काटा हलतो. तो थांबायच्या आधी जो आकडा बोलतो तो मापाडी नाही. तसं सूर लावल्यावर तो थांबू द्यायचा, हलत असताना पुढे जायचं नाही. मी तुमच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला आणि हे मला निखिलकडून कळलं.

पाचगणीचं ते हॉटेल डोंगराच्या कडेला होतं. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी थेंबाची बाटली घेऊन बसले. वेटर आला, मॅडम काय घेणार? मी सांगितलं, मी डोळ्यात थेंब घालायला आले आहे. तो गेला आणि मॅनेजरला घेऊन आला. शेवटी लिंबू सरबत आलं.

तुम्ही स्टेजची पायरी चढण्याआधी बूट काढलेत. वाद्याशी पायताण घालून बसायचं नाही, हे तुमचं ऑर्केस्ट्रापासूनचं. मला ते ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं ते हे की निखिलनेही काढले. ढोलवाल्याने काढले. श्वेताने ते गुडघ्यापर्यंतचे बूट दोन्ही हातांनी ओढून काढले. पायरीशी बुटांची रांग लागली आणि ही सगळी मंडळी डोक्यावर अमेरिकेची टोपी आणि पायात काही नाही, अशी उभी. शेजारच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, पूजा आहे काय?

पहिली चार गाणी कुणी ऐकली नाहीत. माणसं खात होती, ओरडत होती, मोबाइलवर फोटो काढत होती. मधल्या टेबलावरचा एक जण उठून स्टेजपाशी आला आणि तुम्हाला म्हणाला, आजोबा, काहीतरी हिंदी लावा, झोप येतेय. लावा म्हणाला. रेडिओला म्हणतात तसं. मी खुर्चीवरून उठले होते. तुम्ही त्याला हात जोडलेत आणि म्हणालात, "एवढं एक ऐका. नाही आवडलं तर हिंदी वाजवतो."

मग श्वेताचं ते संथ गाणं झालं. शब्द मला कळले नाहीत. ती एक ओळ गायची आणि थांबायची, आणि ती थांबली की तुम्ही तिच्यापुढे जायचा. कांडी तारेवरून वर सरकली आणि तिथेच राहिली. तुम्हाला काही घाई नव्हती. काळ्या चष्म्यातून तुम्ही कुणाकडे पाहत होता कळत नव्हतं, डावा हात तेवढा हलत होता.

मी चाळीस वर्षं मंडईत बसले. गिऱ्हाईक खरंच थांबलंय की नुसतं सावलीला उभं आहे, ते मला त्याच्या पाठीवरून कळतं. त्या दिवशी ती माणसं थांबली होती. वेटर ट्रे घेऊन मध्येच उभा होता. हिंदी मागणारा स्टेजच्या पायरीवर, बुटांच्या शेजारी बसला होता. गाणं संपल्यावर त्याने हिंदी मागितलं नाही. तेच परत वाजवा म्हणाला.

आणि त्याच्या मागे उभे होते आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी साठे. हातात ग्लास. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. पळायला दार एकच होतं आणि ते माझ्याकडे होतं. साठे आले. म्हणाले, "काकू, तुम्ही इकडे? दर्शनाला?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही?"

ते म्हणाले, "मीही."

पण जाता जाता ते थांबले. स्टेजकडे पाहून म्हणाले, अण्णा असं वाजवतात? आणि मग दोन गाणी तिथेच उभे राहून ऐकली. नंतर तीन वर्षांत ना ते कुणाला बोलले, ना मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी महाबळेश्वरला वाजवलंत, तिथेही तसंच. परतताना पोरं मागे झोपली होती. तुम्ही मान वळवून मला विचारलंत, "कसं वाटलं?"

मला काय वाटलं होतं ते मला नीट माहीत होतं. मी म्हटलं, "आवाज फार मोठा होता."

"बाकी?"

"सरबत गोड होतं. चष्मा काढा, थेंब घालायची वेळ झाली."

तुम्ही हसलात. मग चष्मा काढून मान मागे टाकलीत.

मी कौतुक करत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मंडईत माल चांगला असला तरी आपण होऊन चांगला म्हणायचं नाही, गिऱ्हाईक म्हणेल, ही सवय. पण ती सवय घरातही लावली. तुम्ही सकाळी साडेचारला माझी पोती मंडईत पोचवून मग यार्डात जायचा, पंचवीस वर्षं, पावसात, तापात. त्यावरही मी कधी काही म्हटलं नाही. तुम्ही मागितलंही नाहीत. मागितलंत ते एकदाच, त्या गाडीत. आणि मी सरबताचं बोलले.

याहून वाईट दुसऱ्या दिवशी झालं. सोमवारी पाटीलबाई आल्या आणि मी डबा काढला. सगळं डोळ्यांनी पाहून आले होते, कानांनी ऐकून आले होते, आणि त्यांच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. तुम्ही दारात उभे होता. एक डोळा लाल. तुम्ही माझ्या हाताकडे पाहिलंत आणि आत गेलात. भांडला असतात तर बरं झालं असतं. त्यानंतर लोकांना खरं सांग असं तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत.

शेवटच्या पाच आठवड्यांत तुमचा हात उचलेना, तेव्हा शनिवारी निखिल आणि श्वेता कार्यक्रमाला जाण्याआधी घरी येऊन गाणी म्हणून दाखवायचे. तुम्ही पडल्या पडल्या ऐकायचा आणि बोट वर करायचा. थांबू दे. ती थांबायची. तुम्ही गेलात त्या दिवशी बँड अख्खा आला होता. स्मशानात त्यांनी बूट बाहेर काढले. ढोलवाल्याच्या दंडावर वाघ गोंदलेला आहे. तो बघून पाटीलबाई मला म्हणाल्या, भजनाला हल्ली अशीही मुलं येतात, बरं वाटलं बघून.

तर परवाची सभा. हॉल भरला होता. साठे बोलायला उभे राहिले. हुशार माणूस, त्यांनी भजन हा शब्द उच्चारला नाही. अण्णांनी अकरा वर्षं संगीताची सेवा केली, म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. माझं खोटं ते माझ्यासाठी सांभाळत होते. मग पाटीलबाई उठल्या. त्यांच्या भजनी मंडळाने ठरवलं होतं की खालच्या देवळाला तुमच्या नावाने बाजाची पेटी द्यायची आणि तिच्यावर पितळी पट्टी लावायची. पट्टीवर तुमचं नाव आणि खाली 'भजनसेवक'. मजकूर लिहून आणला होता. तो त्यांनी वाचून दाखवला. लोकांनी माना हलवल्या. श्वेता मागच्या रांगेत होती. ती खाली बघत होती.

पितळेवर कोरलेलं पुसता येत नाही. माझ्या नातवंडांची मुलं ते वाचतील आणि तुम्ही भजनसेवक व्हाल, कायमचे. ज्या माणसाने दारूच्या टेबलांमध्ये बसून, हात जोडून, एक गाणं ऐका म्हटलं आणि लोकांना ऐकायला लावलं, तो माणूस कुठेच उरणार नाही. आणि हे तुमच्या शत्रूने नाही, मी केलेलं असेल.

मी उभी राहिले. म्हटलं, "पट्टी करू नका. ते भजनाला जात नव्हते. ते बारमध्ये वाजवायचे."

मुलीने माझा हात धरला. कुणीतरी म्हणालं, काकूंना पाणी द्या. मी म्हटलं, पाणी नको, मला चक्कर आलेली नाही. अकरा वर्षं लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वर, सगळीकडे बारमध्ये. भजनाचं मी सांगितलं. ते मला सांगू नकोस म्हणत होते.

पाटीलबाई हातातला कागद घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघवेना. भल्या बाई आहेत, त्यांना मी अकरा वर्षं फसवलं. त्या हळूच म्हणाल्या, "आणि प्रसाद?"

"मंडईतला," मी म्हटलं. "चूक माझी आहे. त्यांनी त्यातला एक दाणा कधी खाल्ला नाही."

मागे कुणीतरी हसलं. मग साठे उठले. म्हणाले, मी अण्णांना ऐकलं आहे, पाचगणीला, काकू खरं सांगतायत. त्यांच्या बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. साठ्यांना घरी गेल्यावर काय ऐकावं लागलं असेल ते त्यांचं ते जाणोत, पण माणूस उभा राहिला. मी त्यांना मानते.

पाटीलबाई बसल्या नाहीत. त्यांना राग आला होता आणि तो त्यांचा हक्क होता. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "बारमध्ये कोण ऐकतं हो? तिथे वाजवून काय मिळवलं त्यांनी?"

त्यांना काय काय सांगावं असं मनात आलं. वेटरचं, पायरीवर बसलेल्या त्या माणसाचं. मी तेवढी लांबण लावली नाही. मी म्हटलं, "मी ऐकलंय समोर बसून. फार चांगलं वाजवायचे. इतकं चांगलं मी कुठे ऐकलेलं नाही."

एवढंच. तुम्हाला गाडीत हवं होतं ते हेच. तीन वर्षं उशिरा आणि तुमच्या मागे सांगितलं, त्याबद्दल तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. पण भरल्या हॉलमध्ये सांगितलं. साठे माईक पुढे करत होते, तो मी घेतला नाही. माझ्या आवाजाला माईक लागत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.